विरळ हवेतील कार्ब्युरेटर

मनालीहून लेहकडे निघालेली जुन्या घडणीची मोटार घाट चढता चढता कुरकुरू लागते. खालचा गिअर टाकूनही ती वेग धरत नाही, मागच्या नळीतून काळा धूर येतो आणि वळणावर पाय क्षणभर उचलला की इंजिन बंद पडते. अशा वेळी चालक बहुधा चोक ओढतो. इंजिनाला पेट्रोल कमी पडत आहे असा त्याचा समज असतो. वस्तुतः दुखणे नेमके उलट आहे.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. लेहच्या उंचीवर, म्हणजे साधारण ३५०० मीटरवर, ते ०.८६ किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि ५३०० मीटरहून उंच असलेल्या तांगलांग ला खिंडीत त्याहूनही बरेच कमी. दट्ट्या मात्र प्रत्येक फेरीत तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो. कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब उतरतो आणि त्यामुळे जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाते. विरळ हवेत दाबाचा हा उतार कमी होतो खरा, परंतु पेट्रोलाचा प्रवाह त्या उताराच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. परिणामी हवा ३० टक्क्यांनी घटली असता पेट्रोल १६ टक्क्यांनीच घटते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भाग पेट्रोलाला १४.७ भाग हवा लागते. समुद्रसपाटीवर हे प्रमाण साधणारा कार्ब्युरेटर लेहमध्ये जेमतेम १२.३ भाग हवा देतो. अशा मिश्रणावर चोक ओढणे म्हणजे बुडत्याच्या तोंडात पाणी ओतणे होय.

उपाय लहान जेटचा. सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरात जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. छिद्राचे क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी घटवायचे तर व्यास सुमारे ८ टक्क्यांनी घटवावा लागतो. म्हणून १२० आकड्याच्या जागी ११० आकड्याचा जेट पुरतो. जेट सर्वांत उंच खिंडीसाठी निवडण्याचा मोह टाळावा. खिंड तासाभरात ओलांडली जाते. मुक्काम व बहुतेक प्रवास ज्या उंचीवर होणार, तीच प्रमाण धरावी. निवड बरोबर झाली की नाही हे प्लग सांगतो. लांब चढानंतर इंजिन बंद करून, ते निवाल्यावर प्लग काढावा. फिकट तपकिरी रंग उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अजून जास्त. पांढुरके टोक हा धोक्याचा इशारा. शंका असल्यास किंचित काजळीच्या बाजूला राहावे. त्यानंतर इंजिन गरम असताना मंद गतीचे स्क्रू नव्याने जुळवावेत. हवागाळणी स्वच्छ असावी, पण ती काढून टाकण्याची जी रीत काही चालक पाळतात, ती या धुळीच्या रस्त्यावर इंजिनाला फार महाग पडते.

विरळ मिश्रण सावकाश जळते आणि ठोक्याची भीतीही कमी असते. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी दोन-तीन अंश आधी पाडल्यास चढावर फरक जाणवतो. मूळ जागेची खूण मात्र आधी करून ठेवावी.

एवढे करूनही हरवलेली हवा परत येत नाही. लेहमध्ये इंजिनाची सुमारे तीन-दशांश शक्ती गेलेलीच असते. जेट बदलल्याने केवळ जादा पेट्रोलाने होणारे वरचे नुकसान थांबते. तेव्हा सामान कमी ठेवणे आणि गिअर वेळीच उतरवणे याला पर्याय नाही. कमी दाबामुळे पेट्रोलाची वाफही लवकर होते; पंपापाशी वाफ अडकून गाडी थांबली तर पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ वाट पाहावी.

खरा धोका परतीच्या वाटेवर आहे, कारण तेथे गाडी कुरकुरत नाही. उतारावर ती उत्साहाने धावते आणि चालक जेटचे विसरतो. तोच ११० चा जेट मैदानात एका भाग पेट्रोलाला १७ भागांहून अधिक हवा देतो. त्यातच ठिणगी आधी पडत असली तर उन्हाळ्यात भरल्या गाडीने वेग घेताच इंजिन ठोके देऊ लागते, झडपा जळतात, क्वचित दट्ट्यालाही भोक पडते. म्हणून मूळ जेट कागदात गुंडाळून पुढच्या खणात ठेवावा आणि घर गाठेपर्यंत न थांबता मनालीतच, मैदानाकडे उतरण्यापूर्वी, तो पुन्हा बसवून डिस्ट्रिब्यूटर खुणेवर आणावा.