उपग्रह आधी, कमाई नंतर

टेलिसॅट या कॅनेडियन कंपनीचं नाव तुम्ही ऐकलंय का? १९७२ मध्ये तिचा 'अनिक' हा उपग्रह आकाशात गेला. इनुइट लोकांच्या भाषेत अनिक म्हणजे भाऊ. छान नाव आहे ना?

अशा उपग्रहांवरून टीव्ही दिसायचा आणि कंपनीला पैसे मिळायचे. आता लोक टीव्हीसुद्धा इंटरनेटवर बघतात, त्यामुळे ती कमाई घटत चालली आहे.

म्हणून टेलिसॅटने नवा बेत आखला: लाइटस्पीड. पृथ्वीच्या जवळून फिरणारे उपग्रह सोडायचे आणि नुनावुतसारख्या दूरच्या भागातही वेगवान इंटरनेट पोचवायचं. पण गुंतवणूकदार, म्हणजे नफ्याच्या आशेने कंपनीत पैसे घालणारे लोक, कचरले. का बरं?

जवळचा उपग्रह भराभर पुढे सरकतो. एक गेला की दुसरा यायला हवा, म्हणून पुष्कळ उपग्रह लागतात. म्हणजे खर्च आधी, गिऱ्हाईक नंतर! शिवाय इलॉन मस्कच्या स्टारलिंकचे हजारो उपग्रह आधीच वर फिरतायत.

पैशांची जुळवाजुळव होईना, काम रखडलं. टेलिसॅटने उपग्रहांची संख्या २९८ वरून १९८ केली आणि २०२३ मध्ये खर्च सुमारे २ अब्ज अमेरिकन डॉलरने कमी केला. २०२४ मध्ये कॅनडा सरकारने २.१४ अब्ज आणि क्वेबेकने ४० कोटी कॅनेडियन डॉलरचं कर्ज मंजूर केलं. कर्ज फेडावं तर लागणारच. आणि गंमत बघा, उपग्रह वर नेण्यासाठी रॉकेट ठरवलं ते मस्कच्याच स्पेसएक्सचं.

लिहा: तुम्ही या कंपनीत पैसे घातले असते का? दोन कारणं द्या.