पडीक जागेवर गटाचा गोठा? आधी दापचरीची गोष्ट वाचा



गेल्या महिन्यात तीन गावांच्या ग्रामसंघ बैठकीत एकच विषय निघाला. गावाबाहेर पडीक जागा आहे, ती साफ करू, गटाचा गोठा टाकू आणि योजनेतून जनावरं घेऊ. विचार चांगलाच आहे. पण आपल्या राज्यात सरकारनं हेच काम खूप मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. अर्ज भरण्याआधी ते समजून घ्या.

सुरुवात मुंबईची. तिथे भर वस्तीत म्हशींचे तबेले होते. शेण, घाण, माश्या, आणि म्हैस भाकड झाली की शहरात तिला पोसणं परवडायचं नाही, म्हणून ती थेट कसायाकडे जायची. सरकारनं १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी केली. दारा खुरोडी हे अधिकारी त्यामागे होते. सुमारे ३,१६० एकर डोंगराळ जागा. तिथे रस्ते झाले, पाणी आलं, गवताची लागवड झाली, गोठे बांधले आणि दूध घ्यायला डेअरी उभी राहिली. तबेलेवाल्यांच्या म्हशी तिथे भाड्यानं राहू लागल्या. अर्थात ते लोक पैसेवाले होते, आपल्यासारखे दोन जनावरांचे मालक नव्हेत.

आपल्या जवळची गोष्ट आहे ती दापचरीची. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथे सरकारनं काही हजार एकर माळरान दुग्ध प्रकल्पासाठी घेतलं. ते रिकामं नव्हतं, आदिवासी कुटुंबं तिथे शेती करत होती. पाण्यासाठी कुर्झे धरण बांधलं. जमिनीचे तुकडे पाडले आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांना गोठ्यासह कसायला दिले. त्यांना ‘कृषी क्षेत्रधारक’ म्हणत. चारा पिकवा, गाई सांभाळा, दूध प्रकल्पाला घाला, अशी ही योजना होती. कागदावर यात काही चूक दिसत नाही. पुढे प्रकल्पच आटत गेला आणि शेवटी बंद पडला. गोठे ओस पडले, रान पुन्हा माजलं. जमीन क्षेत्रधारकांच्या नावावर नव्हती, आणि ज्या आदिवासींची होती त्यांच्याकडेही परत गेली नाही. ज्या बाईनं तिथे वर्षानुवर्षं शेण काढलं, तिच्या हातात काय उरलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता आपल्या गावाकडे या. भंडाऱ्यात ‘पडीक’ म्हणतो ती जागा बहुधा गायरान असते, नाहीतर झुडपी जंगल. गायरान खासगी कामाला द्यायचं नाही, असा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा आहे. झुडपी जंगलाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी सांगितलं की या जमिनी वनजमीनच आहेत. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातल्या सहाही जिल्ह्यांना हे लागू आहे. म्हणजे तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय शेड टाकता येणार नाही. सरपंच कितीही म्हणोत, “टाका ना बाई, कोन विचारते”, विचारणारा एक दिवस येतोच, आणि तोवर गटाचं कर्ज त्या शेडमध्ये गेलेलं असतं. म्हणून तलाठ्याकडून त्या जागेचा सातबारा काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते बैठकीत मोठ्यानं वाचा. वनजमिनीवर गुरं चारण्याचा सामूहिक हक्क मात्र वनहक्क कायद्यानं मागता येतो. तो मार्ग ग्रामसभेतून जातो.

मग गोठा कुठे? स्वतःच्या परसात, किंवा लेखी करार करून ठेक्यानं घेतलेल्या जागेत.

जागेपेक्षा चाऱ्याचं गणित अवघड आहे. ते न करता जनावर आणलं तर काय होतं, हे मी आपल्याच एका गटात पाहिलं. ऐन एप्रिलात म्हशी आल्या. मे महिन्यात ती ताई मला म्हणाली, “मॅडम, म्हस त आनली, पन चारा कोठून आनू?” विकतची तणस, विकतची ढेप. दूध निम्म्यावर आलं, हप्ता मात्र तेवढाच राहिला. आरेत गवत आधी लागलं होतं. आपण उलटं करतो.

एका म्हशीला रोज वीसेक किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो वाळलेला लागतो. वर्षाला वाळलेला चारा वीस-बावीस क्विंटल होतो, म्हणजे साधारण एक एकर धानाची तणस. तीही हार्वेस्टर आल्यापासून बांधीतच पडून राहते. हार्वेस्टर लावायच्या आधी घरात हा विषय काढा. नुसत्या तणशीत कस नसतो. १०० किलो तणशीवर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, ताडपत्रीनं हवाबंद झाका आणि २१ दिवसांनी उघडा. खाऊ घालण्याआधी थोडा वेळ हवेत पसरून ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे देऊ नका. पहिल्यांदा करताना पशुसखीला सोबत घ्या. युरियाचं पाणी उघडं राहून जनावर प्यायलं तर मरतं.

हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियरची ठोंबं धुऱ्यावर, बोरवेलच्या सांडपाण्यावर लावा. पाणी असेल तर दहा गुंठ्यांत दोन जनावरांची बरीच गरज भागते. लावल्यापासून पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी येते. म्हणजे आज लावलं तर जनावर कधी आणायचं, हे तुम्हीच मोजा.

पशुसंवर्धन विभागाच्या नाविन्यपूर्ण योजनेत दोन दुधाळ जनावरांसाठी खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान असतं, आणि बचत गटाच्या महिलांना निवडीत प्राधान्य आहे. चालू वर्षाच्या अटी पंचायत समितीत विचारून घ्या. दोन्ही जनावरं एकदम घेऊ नका, मधे सहा महिने जाऊ द्या, म्हणजे एक भाकड असताना दुसरं दुधात राहील. अर्ज, विमा आणि दुधाचं खातं ताईच्या स्वतःच्या नावावर हवं. नवऱ्याच्या नावावर ‘सोयीसाठी’ नको. आणि दूध घालायला एकाच केंद्रावर अवलंबून राहू नका. ते बंद पडलं तर खवा, पनीर, गावातला रतीब यातलं काय जमेल, ते आधीच ठरवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं जागेचा सातबारा आणि सदस्यांच्या घरी किती तणस आहे याचा अंदाज लिहून आणायचा आहे. अर्ज आपण त्यानंतर भरू.