मशवऱ्याचे शिष्टाचार आणि वर्ध्याची एक सभा

पवित्र कुरआनच्या सूरह 'अश्शूरा'मध्ये (४२:३८) श्रद्धावंतांची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत नमाज आणि अल्लाहच्या मार्गातील खर्च यांच्या मधोमध एक लक्षण येते: ते आपले व्यवहार परस्परांच्या सल्ल्याने चालवितात. मशवरा ही केवळ सोयीची रीत नाही, हे त्याच्या या स्थानावरूनच ध्यानी येते.

आपल्या घरांतील व समित्यांतील बैठकींत मात्र बहुधा वेगळेच घडते. वडीलधारी व्यक्ती आपले मत आरंभीच सांगते, बाकीचे मान डोलावतात आणि यालाच मशवरा म्हटले जाते. मुलीच्या पुढील शिक्षणाचा निर्णय होतो; पण मुलगी व तिची आई दाराआडून ऐकत राहतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची पद्धत अशी नव्हती. बद्रच्या वेळी तळाची जागा दैवी आदेशाने ठरलेली नाही, हे विचारून घेऊन हजरत हुबाब बिन मुन्जिर (रजि.) यांनी दुसरी जागा सुचविली आणि तळ हलविण्यात आला, असे सीरतच्या ग्रंथांत आले आहे. हुदैबियाच्या पेचप्रसंगी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला गेला. उहुदच्या वेळी प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल मदीनेत राहूनच लढण्याकडे होता, तरी बाहेर पडण्याचा अनेकांचा आग्रह त्यांनी स्वीकारला. त्या युद्धात हानी झाली. त्यानंतर अवतरलेल्या आयतीत (३:१५९) सहाबांना क्षमा करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करीत राहण्याचा आदेश आहे. एखादा सल्ला फसला म्हणून मशवऱ्याचे दार बंद होत नाही.

या शिष्टाचाराचे एक बोलके उदाहरण आपल्या विदर्भातही सापडते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी तेव्हा जवळच्या सेगावात राहत. हेच गाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. हस्तोद्योगाद्वारे शिक्षण द्यावे आणि मुलांच्या हातच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना त्यांनी 'हरिजन'मधून आधीच मांडली होती. त्यामुळे सभेपुढचा प्रश्न सर्वांना ठाऊक होता.

गांधीजी स्वतः अध्यक्षस्थानी असताना जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी स्पष्ट इशारा दिला: स्वावलंबनावर अवास्तव भर दिल्यास शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण करू लागतील. हा आक्षेप योजनेच्या मर्मावरच होता. तरीही अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद परिषदेने त्यांच्याकडेच सोपविले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन, आशादेवी आदी होते. चाळीस दिवसांत, २ डिसेंबरला, अहवाल सादर झाला. शाळेचा खर्च निघाला नाही तरी शिक्षणाचे योग्य धोरण म्हणून ही योजना स्वीकारावी, असे त्यात नमूद आहे. झाकिर हुसेन यांनी व्यक्त केलेली भीती अशा रीतीने योजनेचे कुंपण झाली. पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन होऊन सेवाग्रामात कामाला लागला. त्याचे अध्यक्षही तेच होते.

यावरून बैठक चालविणाऱ्याने काही गोष्टी मनाशी बांधाव्यात.

१. प्रश्न एका वाक्यात मांडून तो दोन दिवस आधी सर्वांना कळवावा. अल्लाह व प्रेषितांचा (स.) आदेश जेथे स्पष्ट आहे, तो विषय मतदानाचा नव्हे.

२. प्रमुखाने आपले मत शेवटी सांगावे. धाकट्यांना व स्त्रियांना आधी बोलू द्यावे. हजरत उमर (रजि.) यांच्या सल्लागारांत वृद्धांबरोबर तरुणही असत.

३. सर्व सूचना लिहून होईपर्यंत कोणत्याही सूचनेवर टीका किंवा हसू नको. पारख त्यानंतर करावी.

४. आक्षेप घेणाऱ्याला विचारावे, "आपली ही भीती दूर होण्यासाठी काय करावे?" शक्य तेथे ते काम त्याच्याकडेच द्यावे.

५. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहून घ्यावी. मग त्याच आयतीत सांगितल्याप्रमाणे निश्चय करून अल्लाहवर भरवसा ठेवावा. बैठकीतील मतभेद बाहेर चघळू नयेत. सल्ला ही अमानत आहे.

या महिन्यात घरातील एखादा प्रलंबित प्रश्न अशा रीतीने चर्चेला घ्यावा आणि आजवर जी व्यक्ती गप्प राहिली, तिला सर्वांत आधी बोलू द्यावे. अल्लाह आपल्याला ऐकून घेण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.