टोकन घेतल्यानंतरचं काम

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा वडिलांचा फ्लॅट विकायचं ठरलं, तेव्हा एजंट नको यावर बहिणीचं आणि माझं एकमत होतं. दलाली साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे 80 लाखांवर 80 हजार ते 1 लाख 60 हजार. तेवढीच रक्कम खरेदीदाराकडूनही घेतली जाते. मग फोटो, क्षेत्रफळ, किंमत टाकून जाहिरात केली की गिऱ्हाईक का येणार नाही?

येतं. पण आधी येतात एजंटांचेच फोन: ‘मॅडम, क्लायंट तयार आहे.’ मग एका ‘लष्करी अधिकाऱ्या’चा फोन आला. घर न बघताच टोकन द्यायला तयार. त्याने क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी फोन ठेवला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

किमतीच्या बाबतीतही जाहिरातींवर जाऊ नका. तिथे दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव कळतो सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून आपल्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार पाहा.

आम्हाला खरेदीदार ऑनलाइनच मिळाला. चांगलं कुटुंब होतं, टोकनही चेकने दिलं. कसोटी त्यानंतर सुरू झाली. त्यांच्या बँकेच्या वकिलाने विचारलं, शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्याच नावावर कसं? नॉमिनी मी होते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि बहीण न्यू जर्सीत. तिचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून आणावं लागलं. असा कागद इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

ते मार्गी लागतंय तोच टीडीएसचा प्रश्न आला. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि घर 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल, तर खरेदीदार 1 टक्का कापतो. बहीण अनिवासी, त्यामुळे तिच्या वाट्यावरची कपात कितीतरी जास्त. कमी कपातीचा दाखला मिळतो, पण त्यासाठी प्राप्तिकर विभागाकडे अर्ज करून थांबावं लागतं. तिकडे खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आलेली. त्यांचा धीर सुटला, टोकन परत मागू लागले.

शेवटी सोसायटीजवळच्या एका जुन्या एजंटला बोलावलं, टक्क्यावर नाही, ठरावीक रकमेवर. कागद चाळता चाळता तो म्हणाला, “ताई, हे जाहिरातीच्या आधी करायचं असतं.” मग बँक, सोसायटीचे सेक्रेटरी, खरेदीदार, सगळ्यांशी तो रोज बोलत राहिला. वकील कागद तपासतो. दोन्हीकडच्या माणसांना टिकवून धरणं हे त्याचं काम नव्हे. ते या माणसाने केलं आणि व्यवहार नोंदणीपर्यंत पोचला.

तेव्हा घर स्वतः विकणार असाल, तर जाहिरातीआधी मूळ करारनाम्यांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना-देय पत्र आणि कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र हाताशी ठेवा. वारसांची नावं लागली आहेत ना, ते बघा. टोकनच्या पावतीत मुदत लिहा, आणि व्यवहार फिसकटला तर पैशांचं काय, तेही लिहा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येतं. त्यावर ‘डोनेशन’ मागितलं तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो.

ऑनलाइनमुळे एजंट संपतील का? गिऱ्हाईक शोधण्याचं त्यांचं काम बरंचसं गेलंच आहे, आणि त्या कामाची टक्केवारी आता देऊ नये. कागद सरळ असतील, सगळे विक्रेते एकाच गावात असतील, तर वकील पुरतो. वारस, परदेश, कर्ज यातलं काहीही मध्ये असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघून एजंट नेमा, फक्त टोकन ते नोंदणी एवढ्याच कामासाठी, आणि त्याचे पैसे आधी ठरवून लिहून घ्या.