प्रथिनांच्या रचनेचा वेध : सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण

अन्नाचे पचन, रक्तातून प्राणवायूचे वहन, रोगजंतूंचा प्रतिकार अशी सजीवांच्या शरीरातील बहुतेक कार्ये प्रथिने पार पाडतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी ठराविक प्रकारे दुमडून निश्चित आकार धारण करते व त्या आकारावरच तिचे कार्य अवलंबून असते. कुलपाची आतील घडण ठाऊक असेल तरच त्याला किल्ली बसविता येते. त्याचप्रमाणे रोगजंतूंच्या प्रथिनांची रचना उमगली, तर त्यांना निकामी करणारे औषध विचारपूर्वक तयार करता येते.

क्ष-किरणच का?

प्रथिनातील शेजारशेजारच्या अणूंमधील अंतर सुमारे दीड अँगस्ट्रॉम असते. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या कित्येक हजार पट असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसू शकत नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या अंतराच्या जवळपास असते. म्हणून प्रथिनाचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरणांचा झोत सोडतात. स्फटिकातील असंख्य रेणू शिस्तीने रांगेत उभे असल्यामुळे किरण ठराविक दिशांनीच विखुरतात आणि ठिपक्यांची एक आकृती मिळते. या ठिपक्यांच्या जागा व तेजस्विता यांवरून गणिताच्या साहाय्याने रेणूची रचना ठरविली जाते.

स्फटिकांमुळे होणारे हे विवर्तन १९१२ साली लाउए यांच्या प्रेरणेने झालेल्या प्रयोगातून सिद्ध झाले. प्रथिनांच्या बाबतीत मात्र मार्ग खडतर होता. डोरोथी हॉजकिन यांनी १९३५ साली इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र घेतले. त्याची संपूर्ण रचना हाती येण्यास १९६९ साल उजाडले. रक्तातील हिमोग्लोबिन व स्नायूंतील मायोग्लोबिन यांच्या रचनेबद्दल पेरुट्झ व केंड्र्यू यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास येथे कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला आलेख आजही जगभर प्रथिनांच्या रचना तपासण्यासाठी वापरला जातो.

वाया जाणाऱ्या ऊर्जेचा उपयोग

जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या योगे वळविले, की ते वळणावर प्रारण बाहेर टाकतात. १९४७ साली अमेरिकेतील एका सिंक्रोट्रॉन यंत्रात हा प्रकाश प्रथम दिसला. मूलकणांचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने ती ऊर्जेची नासाडीच होती. पुढे १९७१ साली हॅम्बुर्ग येथे स्नायूंच्या अभ्यासासाठी व १९७६ साली स्टॅनफर्ड येथे प्रथिनांच्या स्फटिकांसाठी या किरणांचा यशस्वी उपयोग करण्यात आला.

या किरणांचे विशेष तीन. ते अतिशय प्रखर असल्याने लहान स्फटिकही पुरतो व पूर्वी अनेक दिवस घेणारे काम मिनिटांत उरकते. त्यांचा झोत बारीक व जवळजवळ समांतर असतो. शिवाय हवी ती तरंगलांबी निवडता येते. ठिपक्यांवरून तरंगांची तीव्रता कळते, परंतु त्यांची कला कळत नाही. प्रथिनात सेलेनियमसारखे अणू घालून, तरंगलांबी बदलून मोजमाप केल्यास ही उणीव भरून काढता येते.

रायबोसोम : एक उदाहरण

पेशीत प्रथिने तयार करणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. तो आकाराने प्रचंड व रचनेने गुंतागुंतीचा असल्याने त्याचे स्फटिक नाजूक असतात आणि प्रखर किरणांनी लवकर खराब होतात. ॲडा योनाथ यांनी १९८० च्या सुमारास हे काम हाती घेतले. स्फटिक अतिशीत तापमानाला थंड ठेवल्यास ते अधिक काळ टिकतात, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. अखेर २००० साली जीवाणूंच्या रायबोसोमच्या लहान भागाची रचना योनाथ आणि चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. मोठ्या भागाची रचना थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने मांडली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध रायबोसोमच्या लहान भागाला नेमके कोठे चिकटते, हे या अभ्यासातून उघड झाले. त्या जागेच्या घडणीत किंचित बदल झाला तरी जंतू औषधाला दाद देत नाहीत. प्रतिजैविके अपुरी वा अकारण घेतल्यास अशाच जंतूंना वाव मिळतो. दवाखान्यातील सूचनेमागचे शास्त्र असे अणूंच्या पातळीपर्यंत पोहोचते.

भारतातील सोय

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे यंत्र आहे. त्याच्या वलयाचा परीघ सुमारे १७२ मीटर असून तेथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र किरण-मार्ग उभारला आहे. एकाच वलयातून अनेक किरण-मार्ग निघत असल्याने धातू, रसायने व जैविक द्रव्ये यांचे अभ्यासक त्याचा लाभ घेऊ शकतात. शाळेतील मिठाचा खडा आणि या यंत्रातील प्रथिनाचा स्फटिक यांमागील नियम एकच आहेत. विद्यार्थ्यांना ते समजावून सांगताना शिक्षकांना या मोठ्या कार्याचा आरंभ तेथूनच दाखविता येईल.