संगणकाची डिस्क-प्रतिमा : जतन आणि पुनर्मांडणी

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये वापरात असलेल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ या नावाने पुढे ओळखला गेलेला घातक कार्यक्रम पसरला आणि काही तासांतच जगातील अनेक मोठ्या संस्थांचे संगणक निकामी झाले. डेन्मार्कमधील मेर्स्क या जहाज कंपनीस त्याची मोठी झळ पोहोचली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथे दिलेल्या माहितीनुसार ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० आज्ञावल्या दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या.

या प्रसंगातील एक तपशील विशेष उद्बोधक आहे. कंपनीच्या बहुतेक सर्व्हरवरील माहितीच्या प्रती जपून ठेवलेल्या होत्या. परंतु कोणत्या वापरकर्त्यास कोठे प्रवेश द्यावयाचा, हे ठरविणारे जे मध्यवर्ती सर्व्हर असतात, त्यांची वेगळी प्रत कोणीही घेतली नव्हती. हे सर्व्हर परस्परांची नक्कल ठेवतात, तेव्हा सगळेच एकाच वेळी कसे जातील, असा समज होता. आणि ते सगळेच गेले. अपवाद राहिला तो केवळ घाना येथील एका सर्व्हरचा. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्यापासून तुटला होता. त्याची डिस्क विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्या आधारे यंत्रणा पुन्हा उभी राहिली.

ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा शाळेतील संगणक-कक्ष यांचा व्याप अर्थातच फार लहान असतो. मात्र प्रश्न तोच असतो. संगणक बंद पडला म्हणजे त्यातील दाखले आणि नोंदी तर अडकतातच, शिवाय ते काम करण्यासाठी बसवलेली सर्व मांडणी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, छपाईयंत्राचे ड्रायव्हर, मराठी टंकलेखनाची सोय, वापरकर्त्यांचे परवाने, हेही नाहीसे होते. फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवण्याची सवय आता बहुतेक ठिकाणी लागली आहे. मांडणी जपून ठेवण्याची सवय तितकीशी दिसत नाही. डिस्क-प्रतिमेचा उपयोग नेमका येथे होतो.

प्रतिमा म्हणजे काय?

फाइलींची नक्कल आणि डिस्कची प्रतिमा यांत मूलभूत फरक आहे. संगणक सुरू होताना तो प्रथम डिस्कवरील ठरावीक जागी असलेला आरंभीचा भाग वाचतो, तेथून पुढे डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात हे पाहतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतो. सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवल्या, तरी ही आरंभीची रचना त्यांच्याबरोबर जात नाही; त्यामुळे अशा डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. प्रतिमा घेणारी आज्ञावली मात्र विभागांची आखणी, आरंभीचा भाग आणि त्यांतील सर्व मजकूर एकत्रितपणे उचलून एका किंवा अनेक फाइलींत साठवते.

ही नक्कल दोन प्रकारे होऊ शकते. डिस्कचा प्रत्येक सेक्टर, तो भरलेला असो वा रिकामा, क्रमाने उचलणे हा पहिला प्रकार होय. युनिक्समधील ‘डीडी’ ही जुनी आज्ञा याच रीतीने काम करते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर ६० गिगाबाइटच मजकूर असला, तरी ५०० गिगाबाइट वाचले जातात. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीला डिस्कवरील फाइलव्यवस्था समजते. ती केवळ वापरलेली जागा उचलते आणि तोही मजकूर आकुंचित करून ठेवते. नेहमीच्या कामासाठी हाच प्रकार सोयीचा. बिघडू लागलेल्या डिस्कवरून हरवलेला मजकूर शोधावयाचा असेल, तर मात्र पहिलाच प्रकार वापरावा लागतो, कारण पुसलेल्या फाइलींचे अवशेष ‘रिकाम्या’ जागेतच असतात.

या कामाला लोकप्रियता मिळवून दिली ती १९९०च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘घोस्ट’ या आज्ञावलीने. ती १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने घेतली. ‘नॉर्टन घोस्ट’ची विक्री २०१३ मध्ये थांबली. आज शाळा व कार्यालये यांना सहज उपलब्ध असणारी आज्ञावली म्हणजे तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेली ‘क्लोनझिला’. ती विनामूल्य असून पेन ड्राइव्हवरून चालते.

एकापासून वीस

वीस संगणकांच्या कक्षात प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे सर्व काही बसवू गेल्यास कित्येक दिवस जातात आणि वीसही यंत्रे एकसारखी होत नाहीत, ही गोष्ट शिक्षकांच्या परिचयाची आहे. त्याऐवजी एकच संगणक आदर्श म्हणून काळजीपूर्वक तयार करावा. त्यावर सर्व अद्ययावत सुधारणा, इनस्क्रिप्ट कळफलक, आवश्यक फॉन्ट आणि अभ्यासक्रमाच्या आज्ञावल्या बसवाव्यात. व्यक्तिगत फाइली व साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत. विंडोज असल्यास त्यातच असलेली ‘सिसप्रेप’ ही सोय वापरून त्या यंत्राची स्वतंत्र ओळख पुसून संगणक बंद करावा आणि प्रतिमा घेईपर्यंत तो पुन्हा विंडोजमध्ये सुरू करू नये. सुरू केल्यास तो लगेच नवी ओळख धारण करतो आणि केलेले श्रम वाया जातात.

सिसप्रेपची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. प्रत्येक विंडोज संगणकाला एक सुरक्षा-ओळखक्रमांक असतो. थेट नक्कल केली की वीसही यंत्रांचा क्रमांक एकच होतो. बरीच वर्षे यामुळे फारसे बिघडत नाही असे मानले जाई, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. परंतु ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासून आलेल्या विंडोज ११च्या सुधारणांनंतर समान क्रमांकाचे संगणक एकमेकांना ओळख पटवून देऊ शकत नाहीत. सामायिक फोल्डर आणि दूरस्थ प्रवेश अशा वेळी अचानक बंद पडतात, आणि दोष मात्र जाळ्याच्या तारांत शोधला जातो.

प्रतिमा तयार झाल्यावर ती इतर यंत्रांवर उतरवण्यास जाळ्याचा उपयोग करता येतो. एक गिगाबिट क्षमतेच्या जाळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. म्हणजे ४० गिगाबाइटच्या प्रतिमेस सुमारे साडेपाच मिनिटे लागावीत. वीस यंत्रांना ती एकामागून एक पाठवल्यास पावणेदोन तास जातील. ‘मल्टिकास्ट’ पद्धतीत हीच प्रतिमा एकदाच पाठवली जाते आणि वीसही यंत्रे ती एकाच वेळी ग्रहण करतात. प्रत्यक्षात डिस्कवर लिहिण्याचा वेग कमी असल्याने वेळ वाढतो, हे खरे. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर तर हा काळ दसपट होतो. तेथे मल्टिकास्टवाचून पर्याय नाही.

दोन बाबतींत विशेष सावधगिरी हवी. ज्या डिस्कवर प्रतिमा उतरवावयाची, ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. क्लोनझिला लहान डिस्क सहसा स्वीकारत नाही. आणि स्रोत कोणता व लक्ष्य कोणते, हे पडद्यावर दोनदा वाचून मगच होकार द्यावा. दिशा उलटी झाल्यास नव्या, कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर उमटतो आणि वर्षांच्या नोंदी काही क्षणांत जातात. डिस्कचे नाव व आकारमान आधी कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत त्यासाठी चांगली.

परवान्यांचा प्रश्नही आहे. संगणकाबरोबर मिळालेल्या विंडोजच्या परवान्यात त्याची प्रतिमा दुसऱ्या यंत्रांवर उतरवण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी संस्थेकडे सामूहिक परवाना असावा लागतो. लिनक्सच्या बाबतीत अशी अडचण येत नाही.

प्रतिमेचे वय

जतन केलेली प्रतिमा ज्या दिवशी घेतली, त्या दिवशीच थांबलेली असते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक मोठी त्रुटी दूर केली. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुधारणा न केलेले संगणक गाठले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील प्रतिमा जूनमध्ये उतरवून संगणक तसाच जाळ्यास जोडला असता, तर ती त्रुटीही त्याच्याबरोबर परत आली असती. म्हणून प्रतिमा उतरवल्यावर प्रथम सुधारणा बसवाव्यात आणि दर तीन-चार महिन्यांनी आदर्श संगणक अद्ययावत करून नवी प्रतिमा घ्यावी. विंडोज १०ची नेहमीची सुधारणासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही जुन्या प्रतिमा बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

रोज बदलणाऱ्या नोंदी प्रतिमेच्या भरवशावर सोडता येत नाहीत. त्यांची प्रत रोजच्या रोज वेगळी घ्यावी लागते. दोन्ही प्रती बाह्य डिस्कवर असाव्यात आणि काम संपताच ती डिस्क संगणकापासून सोडवून शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क ही हल्ल्याच्या वेळी संगणकाचाच एक भाग ठरते. डिस्क संकेतबद्ध केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती-कळ स्वतंत्रपणे मोहोरबंद लिफाफ्यात हवी.

घेतलेली प्रतिमा एखाद्या जादा डिस्कवर उतरवून संगणक खरोखर सुरू होतो काय, हे वर्षातून दोनदा तरी पाहावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत डिस्कची नोंद असतेच. तिच्याच शेजारी प्रतिमेची तारीख, ती कोणत्या यंत्राची आहे, चाचणी कधी झाली आणि ती कोणी घेतली, एवढे चार रकाने वाढविल्यास कर्मचाऱ्याच्या बदलीनंतर येणाऱ्या व्यक्तीला ती प्रतिमा वापरता येते.