पित्तनलिकेचे अस्तर सांभाळा



यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. साबणाने तेलकटपणा सुटावा, तशी त्यातली पित्ताम्ले चरबी फोडतात. पण पेशींचे आवरणही चरबीचेच! मग पित्तनलिका टिकते कशी? कारखान्यात चुना घालून रसाचा आंबटपणा मारतात ना, तसे नलिकेच्या अस्तरातील पेशी बायकार्बोनेट हा क्षार सोडतात. त्यामुळे पित्ताम्ले पेशीत सहजी शिरत नाहीत.

खड्याने वाट अडली, की पित्त तुंबते, अस्तर सुजते. पुढे यकृतही बिघडते. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज असेल, तर काविळीची माळ घालून दिवस घालवू नका. डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. सोबत थंडी-ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.